झाकण सांभाळ गं!

पुढच्या रविवारी माझी एक्स-रूममेट पुण्यात येतेय. दोन दिवस, मुक्काम माझ्याच फ्लॅटवर. परवा रात्री तिचा मेसेज आला, ‘किटली काढून ठेव. चहा मी आणते, या वेळी भारीतला.’ पुढे तीन स्मायली.

मंडळी, माझी जाम टरकलीय.

कारण किटली आहे. किटलीचं पोट आहे, कान आहे, तोटी आहे. झाकण नाही. झाकणाचे चार तुकडे मिठाईच्या एका रिकाम्या बॉक्समध्ये, बॉक्स कपाटात आणि कपाटाला कुलूप. ही बातमी गेले आठ महिने मी तिला सांगितलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका झाकणाचं काय एवढं? दुसरं आण की! मलाही अगदी हेच वाटलं होतं. पण या आठ महिन्यांत अपराधी भावनेपोटी मी चिनी किटल्यांवर जे काय मिळेल ते वाचत सुटले आणि माझा फंडा क्लिअर झाला. या प्रकारच्या किटलीत सगळ्यात अवघड, सगळ्यात नाजूक आणि अजिबात बदलून न मिळणारा पार्ट कुठला असेल, तर तो झाकण. फोडायचंच होतं तर दुसरं काहीतरी फोडायचं ना!

आधी थोडी हिस्टरी. आम्ही दोघी चार वर्षं कर्वेनगरला एकत्र राहिलो. मग तिच्या कंपनीने तिला दोन वर्षांसाठी शांघायला पाठवलं. परत आली ती एक मुठीएवढी, विटकरी रंगाची मातीची किटली घेऊन. माझी आई त्या वेळी आली होती. तिने किटली हातात घेतली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “अगं, ही भातुकलीतली का?” दीडशे मिलिलिटर पाणी मावतं तिच्यात. आपल्या हिशेबाने एक कप. पण त्या एका कपावर आम्ही दोघी रात्री अकरानंतर दीड-दोन तास काढायचो. तीच पत्ती, पुन्हा गरम पाणी, पुन्हा दोन घोट, आणि तेवढ्यात बॉस, बॉयफ्रेंड, घरभाडं असे सगळे विषय उरकायचे. बेंगळुरूला जाताना तिने किटली मुद्दाम माझ्याकडे ठेवली. “इथलीच आहे ती,” म्हणाली. “फक्त झाकण सांभाळ गं.”

या किटल्यांचं माहेर म्हणजे यीशिंग. चीनच्या जिआंगसू प्रांतात, शांघायच्या पश्चिमेला, ताई सरोवराच्या काठचा भाग. त्यातलं दिंगशू नावाचं गाव म्हणजे किटलीवाल्यांचं गाव. तिथे निघणाऱ्या मातीला म्हणतात झीशा, म्हणजे ‘जांभळी वाळू’. प्रत्यक्षात ती तपकिरी, विटकरी, पिवळसर अशा अनेक रंगांत येते. ही माती खाणीतून दगडासारखी निघते. मग ती फोडायची, दळायची, मुरवायची. भाजल्यावर वरून ग्लेझ देतच नाहीत. त्यामुळे किटली आतून चहा थोडा थोडा पीत राहते आणि वापरून वापरून तिच्यावर चमक चढते. लोणच्याची बरणी मुरते ना, तसंच. म्हणून शौकीन लोक एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात आणि तिला साबण लावणाऱ्याकडे खुनी असल्यासारखं बघतात. (आईने लावला होता. तेही मी रूमीला सांगितलेलं नाही. यादी वाढतच चाललीय.)

पण चिन्यांना किटली लागायला लागली कधी? आधी ते चहाच्या वड्या दळून, पावडर वाडग्यात घुसळून प्यायचे. १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने फर्मान काढलं, की नजराणा म्हणून चहाच्या वड्या नकोत, सुटी पत्ती पाठवा. पत्ती आली की ती भिजवायला, गाळायला आणि ओतायला काहीतरी हवं. म्हणजे पोट हवं, झाकण हवं, तोटी हवी. पुढे यीशिंगच्या मातीने ही ऑर्डर अशी काही पूर्ण केली, की आजतागायत तिथलं गिऱ्हाईक तुटलेलं नाही.

किटली हातात घेतली की आपण काय बघतो? रंग, फार तर नक्षी. जाणकार माणूस ती उपडी करतो! झाकण काढून किटली टेबलावर उलटी ठेवायची. तोटीचं टोक, तोंडाचा काठ आणि कानाचा वरचा भाग, तिन्ही एकाच वेळी टेबलाला टेकले पाहिजेत. चिनी भाषेत याला ‘तीन डोंगर एका पातळीत’ अशा अर्थाचं नाव आहे. कारण साधं आहे. तोटी काठापेक्षा खाली असेल तर किटली पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून चहा बाहेर. आमची किटली शुईपिंग, म्हणजे ‘पाण्याशी समतल’ या प्रकारातली. चांगली शुईपिंग पाण्यावर सोडली तर कुठेही न कलता तरंगते, इतकं तिच्या कानाचं आणि तोटीचं वजन जुळवलेलं असतं म्हणे. आमचीची तोटी केसभर वर राहते. बाजारातून घासाघीस करून आणलेली आहे, चालायचंच. आणि हो, तीन डोंगरांचा नियम सगळ्या आकारांना लावू नका. काही किटल्या मुद्दामच वेगळ्या असतात.

तोटीचंच बघा. सरळ तोटी, एक वळण असलेली तोटी, हंसाच्या मानेसारखी दोन वळणांची तोटी. पोटाकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती, म्हणजे धार जोरात आणि गोल पडते. खरी परीक्षा ओतताना नाही, थांबताना होते. किटली सरळ केली की धार कापल्यासारखी तुटली पाहिजे. शेवटचा थेंब तोटीच्या हनुवटीवरून ओघळत पोटावर आला, तर कारागीर नापास. आपल्या ऑफिसातल्या स्टीलच्या थर्मासने हा पेपर आयुष्यात सोडवलेला नाही.

तोटी जिथे पोटाला जोडतात तिथे आतून गाळणी असते. जुन्या किटल्यांत एकच भोक. मोठ्या पानांचा चहा असेल तर ते तुंबतं. मग बरीच बारीक भोकं पाडायला लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर आतल्या बाजूला फुगलेली, चेंडूसारखी जाळी आली. ती भोकं तोटी चिकटवायच्या आधीच पाडावी लागतात, कारण नंतर तिथे हात पोचतच नाही.

कान म्हणजे हँडल. त्याची तीन घराणी. एक आपल्या कपासारखा, बाजूला असलेला कान. दुसरं, किटलीच्या कुशीतून आडवा निघालेला दांडा, पळीच्या मुठीसारखा. आणि तिसरं, डोक्यावरून कमान गेलेलं, बादलीच्या कडीसारखं. नानजिंगला मिंग दरबारातल्या वू जिंग नावाच्या अधिकाऱ्याची १५३३ सालची कबर सापडली, तिच्यात या कडीवाल्या प्रकारातली किटली निघाली. ज्यांच्या वयाबद्दल खात्री देता येते अशा यीशिंग किटल्यांत ती सगळ्यात जुन्यांपैकी. तिच्या अंगावर ग्लेझचे चुकून पडलेले डाग आहेत. भट्टीत शेजारी दुसऱ्या कुणाची तरी ग्लेझ दिलेली मडकी भाजत असणार आणि त्यांचे शिंतोडे उडाले. पाचशे वर्षांनंतरही शेजाऱ्यांची तक्रार अंगावर मिरवतेय बिचारी!

आता पोट. ही किटली चाकावर घडवत नाहीत, आणि माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं सरप्राइज होतं. मातीचा गोळा लाकडी हातोड्याने बडवून पोळीसारखा सपाट करतात. त्यातून एक लांब पट्टी आणि दोन चकत्या कापतात. पट्टी वळवून नळकांडं करायचं. मग एक हात आत, दुसऱ्या हातात लाकडी थापी, आणि फिरवत फिरवत बाहेरून थापटत राहायचं. हळूहळू काठ आत वळतो, पोट गोल होतं. वरून चकती लावून किटली चक्क बंद करून टाकायची, फुग्यासारखी. कान-तोटी लावायची आणि मग वर गोल कापून तोंड उघडायचं. चौकोनी किटली असेल तर थापटणं नाही, सपाट तुकडे कडेला कड लावून जोडायचे. आज बऱ्याच किटल्या प्लास्टरच्या साच्यातून निघतात, आणि पूर्ण हाताने केलेलीचा भाव अर्थातच वेगळा. किती वेगळा? यीशिंगचे उस्ताद कू जिंगझोऊ १९९६ साली गेले. त्यांचा खार आणि द्राक्षांच्या नक्षीचा एक दहा नगांचा टी-सेट २०१५ साली बीजिंगच्या लिलावात ९ कोटी युआनच्या वर गेला. एवढ्यात आपल्या सोसायटीची अख्खी बिल्डिंग आली असती, पार्किंगसकट.

आकारांची नावं तर काय एकेक! ढोबळ मानाने तीन प्रकार. साध्या, गुळगुळीत. भोपळ्यासारख्या किंवा फुलाच्या पाकळ्यांसारख्या शिरा असलेल्या. आणि झाडाचं खोड, कमळ, बांबू यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या. मला स्वतःला ही तिसरी जमात डोक्यावरून जाते. सकाळी सकाळी चहा ओतताना हातात सुरवंट लागलेलं खोड कशाला हवं? साध्यांमध्ये शीप्याओ नावाची आहे, ती माझी फेवरिट. खाली रुंद, वर निमुळती, त्रिकोणी कान, झाकणावर छोट्या पुलासारखी घुंडी आणि बुडाला तीन बारके पाय. कडक एकदम, फॉर्मल्स घातल्यासारखी. याच्या उलट शी शी. (हसून घ्या. झालं?) शी शी ही प्राचीन चीनमधली दंतकथा झालेली सुंदरी. यूए राज्याने तिला शत्रूकडे, वू राज्याच्या राजाकडे पाठवलं आणि त्याने तिच्या नादात राज्य घालवलं अशी गोष्ट आहे. तिच्या नावाची किटली गुबगुबीत, गोल, आखूड तोटीची. कुठल्या अवयवावरून हा आकार घेतलाय ते चिनी लोक आडपडदा न ठेवता सांगतात, आपलं मासिक फॅमिलीत वाचलं जातं म्हणून मी सांगत नाही.

आणि एक आहे विहिरीच्या कठड्याची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेन मानशेंग हा कवी, चित्रकार आणि शिक्के कोरणारा माणूस यीशिंगशेजारच्या लीयांगला जिल्हा अधिकारी होता. सरकारी नोकरी सांभाळून साहेब किटल्या डिझाइन करायचे. घडवायला यांग पेंगनियान आणि त्याचं घराणं. लीयांगमध्ये इसवी सन ८११ चा लेख कोरलेला एक जुना दगडी विहीर-कठडा होता. मानशेंगने तो बघितला आणि त्याची किटली केली, लेखासकट. ज्या किटलीत पाणी ओतायचं तिलाच विहिरीचं रूप! नऊ ते सहाच्या नोकरीत असलं काही सुचायला काय खात असतील ही माणसं?

आता झाकण. टाळत होते, पण आलंच.

झाकणाचे साधारण तीन प्रकार. काठावर टोपीसारखं बसणारं, काठाच्या आत बुडणारं आणि तिसरं, पोटाचाच वरचा तुकडा कापून काढल्यासारखं, म्हणजे बंद केलं की किटलीची रेष कुठेही तुटत नाही. वर धरायला घुंडी. आणि घुंडीत किंवा तिच्या शेजारी एक बारीक भोक. सगळी गंमत त्या भोकात आहे. चहा बाहेर पडायला आत हवा जावी लागते. झाकण नीट बसलेलं असेल तर हवेला हाच एक रस्ता. ओतता ओतता त्या भोकावर बोट दाबलं की धार बंद. बोट काढलं की चालू. झाकण किती घट्ट बसलंय ते तपासायची ही टेस्ट. आमच्या किटलीला हे जमायचं. तोटीत नापास झालेली आमची किटली झाकणात डिस्टिंक्शनमध्ये पास होती.

आणि त्याच मार्कांनी घात केला. मार्चमध्ये ऑफिसची गँग घरी आली होती. मी शो ऑफ करत होते. बोट दाबलं, धार बंद. सगळे “वॉव!” बोट काढलं, धार चालू. पुन्हा “वॉव!” कुणीतरी म्हणालं, थांब, व्हिडिओ काढते, किटली अजून तिरकी कर. मी केली. आणि केस मागे घेण्यासाठी झाकणावरचा हात उचलला.

आवाज फार मोठा नाही झाला. टाइल्सवर चहाच्या कपाची बशी फुटल्यावर होतो, तेवढाच. व्हिडिओ आहे अजून तिच्याकडे. मी मागितलेला नाही.

नंतर मी जुन्या बाजारात गेले, किटली पर्समध्ये टॉवेलात गुंडाळून. अत्तराच्या बाटलीपासून कुकरपर्यंत सगळ्यांची झाकणं लावून पाहिली. एक जवळजवळ बसलं, पण ‘जवळजवळ’ हा शब्द या किटलीला चालत नाही. मग कसब्यातल्या एका कुंभारकाकांना दाखवली. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, हे झाकण या भांड्याबरोबरच भाजलेलंय. माती भट्टीत आकसती. किती आकसणार ते त्या दोघांनाच ठाऊक.” अगदी तेच नंतर वाचायला मिळालं. यीशिंगमध्ये झाकण किटलीवर ठेवूनच दोन्ही एकत्र भाजतात, हजार-अकराशे अंशांच्याही वर. माती आकसते, तरीही दोघं जुळलेले राहतात. मग बाहेर काढल्यावर गरज असेल तर एकमेकांवर घासून बसवतात. त्याच कारागिराने त्याच मापाची दुसरी किटली केली तरी तिचं झाकण हिला होईलच असं नाही. सतराव्या-अठराव्या शतकात या किटल्या जहाजांतून युरोपला गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी काय केलं असेल? झाकणाला साखळी लावून ती किटलीला बांधून टाकली. मला हे आधी कुणी का नाही सांगितलं?

माझा सगळ्यात मोठा दिलासा मात्र बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिथे एक किटली आहे, झाडाच्या खोडावरच्या गाठीसारखी, खडबडीत. ती गोंगचुनची मानली जाते. गोंगचुन हा सोळाव्या शतकातला. सांगतात, की एका विद्वानाचा हा नोकर. मालक देवळात अभ्यासाला बसला की हा तिथल्या भिक्षूला किटल्या करताना बघायचा आणि बघून बघून शिकला. ही किटली खरंच त्याची का, यावर तज्ज्ञांची भांडणं आहेत. आपल्याला काय करायचंय? आपल्याला इंटरेस्ट झाकणात.

या किटलीला मूळ झाकण नाही. हुआंग युलिन नावाच्या नामांकित कारागिराने तिच्यासाठी नवं केलं होतं. त्याला वाटलं हा आकार भोपळ्याचा आहे, म्हणून त्याने वर भोपळ्याचं देठ काढलं. १९२८ साली छू नानच्यांग यांना ही किटली सूझोऊला जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली. पुढे चित्रकार हुआंग बिनहोंग यांनी ती बघितली आणि सांगितलं, अहो, पोट झाडाच्या गाठीचं आणि झाकण भोपळ्याचं, हे कसं? मग पेई शिमिन या कारागिराने तिसरं झाकण केलं, झाडाच्या गाठीचं. आणि त्याच्या कडेवर सगळा पाढा कोरला गेला. किटली केली कुणी, तिला भोपळा समजून चुकला कोण, चूक पकडली कुणी, एका इंग्रजाने वीस हजार देऊ केले तरी ती कशी दिली नाही, आणि झाकण पुन्हा केलं कुणी. सगळं नावानिशी!

परवा रात्री हे वाचून झालं आणि मी कपाट उघडलं. चार तुकडे पलंगावर मांडले. घुंडी अख्खी आहे, भोकसुद्धा शाबूत. फोटो काढला आणि खाली काहीही मसाला न लावता लिहिलं, ‘मार्चमध्ये फुटलं. माझ्या हातून, शायनिंग मारताना. आईने साबणही लावला होता.’ आणि सेंड करून फोन उशीखाली ढकलला.

सकाळी सात वाजता रिप्लाय. एकही स्मायली नाही.

‘आठ महिने???’

मग पाच मिनिटं नुसतं टायपिंग, टायपिंग, टायपिंग. माझ्या पोटात गोळा.

‘तुकडे फेकू नकोस. मला बघायचेत. चहा पातेल्यात चालेल, आलं घाल. आणि तो व्हिडिओ मागून ठेव.’